खेळाडूच्या जर्सीवर जुगाराचे नाव असावे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषक क्रिकेट स्पर्धा झाली. भारताच्या संघाने ती जिंकली, हे सर्वांच्या स्मरणात असेलच. या स्पर्धेतील आणखी एक गोष्ट मात्र फारशी चर्चिली गेली नाही. आपल्या खेळाडूंच्या जर्सीवर त्या वेळी मुख्य प्रायोजकाचे नाव नव्हते. छातीवर होते ते केवळ देशाचे नाव.

याचे कारण क्रीडांगणावर घडले नव्हते, संसदेत घडले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना आणि त्यांच्या जाहिरातींना या कायद्याने मनाई केली. जुलै २०२३ पासून भारतीय संघाची मुख्य प्रायोजक असलेली ड्रीम इलेव्हन ही कंपनी याच व्यवसायातील होती. परिणामी तो करार मुदतीपूर्वीच संपुष्टात आला.

या घटनेमुळे जगातील अनेक देशांत गेली काही वर्षे चर्चिला जात असलेला एक प्रश्न आपल्याही दारी येऊन ठेपला आहे. सट्टा आणि जुगार यांचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्यांना क्रीडासंघांचे प्रायोजक होऊ द्यावे काय? हा प्रश्न केवळ मोठ्या संघांपुरता आहे, असे समजण्याचे कारण नाही. तालुक्याच्या गावी भरणाऱ्या टेनिस बॉल क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या सामन्यांनाही आज प्रायोजक लागतात. म्हणून या प्रश्नाचा साकल्याने विचार करणे उचित ठरेल.

प्रायोजक नेमके काय विकत घेतो?

वृत्तपत्रातील जाहिरात आणि खेळाडूच्या जर्सीवरील नाव यांत एक महत्त्वाचा फरक आहे. वृत्तपत्रात जाहिरात ही जाहिरात म्हणूनच वाचली जाते. वाचक पान उलटू शकतो. जर्सीवरील नाव मात्र खेळाडूपासून वेगळे काढता येत नाही. फलंदाज शतक झळकावून बॅट उंचावतो तेव्हा ते नावही त्याच्याबरोबर उंचावले जाते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात छापल्या जाणाऱ्या छायाचित्रात ते असते आणि मुलांच्या खोलीतील भिंतीवरही तेच चिकटते. खेळाडूने अनेक वर्षांच्या मेहनतीने मिळविलेला लोकांचा विश्वास प्रायोजक काही काळापुरता आपल्या नावाशी जोडून घेतो. तो पैसे देतो ते या विश्वासासाठी.

काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकास एका तालुक्याच्या ठिकाणी शालेय क्रीडास्पर्धांच्या बक्षीस समारंभास उपस्थित राहण्याचा योग आला. प्रेक्षकांत पाचवी-सहावीतील एक मुलगा एका व्यावसायिक संघाची जर्सी घालून बसला होता. तिच्यावर पैजेच्या ॲपचे नाव ठळकपणे छापलेले होते. ही कंपनी कसली, असे त्यास सहज विचारले असता तो म्हणाला, “ती आपल्या टीमची कंपनी आहे, साहेब.” त्या मुलास पैज म्हणजे काय हे बहुधा ठाऊक नसावे. परंतु ती कंपनी आपली आहे, एवढे त्याच्या मनात पक्के बसले होते. प्रायोजकत्वाचे सामर्थ्य आणि त्यातील धोका या दोहोंचे याहून नेमके वर्णन करणे कठीण आहे.

हा व्यवसाय इतरांहून वेगळा का?

टायर, बिस्किटे किंवा सिमेंट विकणारी कंपनी संघाची प्रायोजक होते तेव्हा सामना कोणी जिंकला यावर तिच्या मालाची विक्री थेट अवलंबून नसते. सट्टा चालविणाऱ्या कंपनीच्या बाबतीत प्रत्यक्ष सामना हाच विक्रीचा माल असतो. कोण जिंकेल येथपासून पुढच्या षटकात किती धावा होतील येथपर्यंत प्रत्येक गोष्टीवर पैसे लावता येतात. पूर्वी एका सामन्यावर एकदा पैज लागत असे. मोबाईलच्या युगात सामना चालू असतानाच पुनःपुन्हा पैसे लावण्याची सोय झाली. खेळ पाहण्याचा निर्भेळ आनंद आणि पैशाची हाव यांतील अंतर त्यामुळे फारच कमी झाले.

दुसरा मुद्दा उत्पन्नाचा आहे. या व्यवसायाचे उत्पन्न म्हणजे खेळणाऱ्यांनी गमावलेल्या रकमांची बेरीज होय. ज्यास थांबता येत नाही, असा ग्राहक येथे सर्वांत लाभदायक ठरतो. केंद्र शासनाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार पैशाच्या ऑनलाइन खेळांमुळे देशातील सुमारे ४५ कोटी लोकांना झळ पोहोचली आणि त्यांचे २० हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले. या आकड्यामागे कर्जात बुडालेली, घरातील दागिने गहाण पडलेली आणि क्वचित प्रसंगी कर्ता माणूस गमावलेली कुटुंबे आहेत.

तिसरा मुद्दा खेळाच्या सचोटीचा आहे. २००० साली उघडकीस आलेले सामनानिश्चितीचे प्रकरण आणि २०१३ मधील इंडियन प्रीमियर लीगचे प्रकरण या दोहोंच्या मुळाशी सट्टाच होता. दुसऱ्या प्रकरणानंतर चेन्नई व राजस्थान या दोन संघांना दोन हंगाम स्पर्धेबाहेर राहावे लागले. हा सट्टा बेकायदेशीर होता आणि प्रायोजक कंपन्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. तरीही खेळाडूने सट्ट्यापासून चार हात दूर राहावे अशी अपेक्षा करावयाची आणि त्याच वेळी त्याच्या छातीवर सट्ट्याचे नाव छापावयाचे, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

इंग्लंडमध्ये ही विसंगती ठळकपणे पुढे आली. ब्रेंटफर्ड या फुटबॉल क्लबचा आघाडीचा खेळाडू आयव्हन टोनी याने फुटबॉलवर पैजा लावून नियमांचा २३२ वेळा भंग केल्याचे सिद्ध झाले आणि मे २०२३ मध्ये त्याच्यावर आठ महिन्यांची बंदी घालण्यात आली. ज्या जर्सीत तो खेळत होता, तिच्यावर एका सट्टा कंपनीचेच नाव होते. खेळाडूने नियम मोडला हे खरेच. परंतु त्यास त्या मोहाची रोज आठवण करून देणारी व्यवस्थाही नामानिराळी राहू शकत नाही.

दुसरी बाजू

या प्रश्नास दुसरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. पहिला युक्तिवाद पैशाचा आहे. मोठ्या संघांना प्रायोजकांची वाण नसते, परंतु लहान क्लब आणि कमी लोकप्रिय खेळ यांना जो हात पुढे करील त्याचा आधार घ्यावा लागतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये एप्रिल २०२३ मध्ये वीसपैकी आठ क्लबांच्या जर्सीवर सट्टा कंपन्यांची नावे होती. त्यांतील बहुतेक क्लब अग्रगण्य श्रीमंत क्लबांपैकी नव्हते.

दुसरा युक्तिवाद असा की, बंदीमुळे सट्टा थांबत नाही, तो केवळ अंधारात जातो. मुंबईतील मटक्याचा इतिहास या म्हणण्यास पुष्टी देतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांवर लावल्या जाणाऱ्या आकड्यांतून हा धंदा उभा राहिला आणि १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अस्तित्वात असतानाही तो गल्लोगल्ली पसरला. न्यायमूर्ती लोढा समितीने जानेवारी २०१६ मध्ये क्रिकेटवरील पैजांना कायद्याच्या चौकटीत आणण्याची शिफारस केली होती. विधी आयोगाने २०१८ मधील आपल्या २७६ व्या अहवालात, पूर्ण प्रतिबंध शक्य नसल्यास कडक नियमनाचा पर्याय सुचविला होता. ही मते विचारी व अधिकारी व्यक्तींची आहेत. ती सहजासहजी बाजूस सारता येणार नाहीत.

तिसरा युक्तिवाद शासनाच्या संदर्भात केला जातो. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ मध्ये सुरू झाली. मुंबई व पुणे येथील घोड्यांच्या शर्यतींवर परवानाधारक मैदानात पैसे लावण्यास कायद्याने मुभा आहे. शेजारच्या गोव्यात १९७६ च्या कायद्यात पुढे झालेल्या सुधारणांन्वये कॅसिनो चालतात. मग खेळांच्या प्रायोजकांवरच आक्षेप का, असे विचारले जाते.

या सर्व युक्तिवादांचे उत्तर एका भेदात सापडते. पैज लावू द्यावी की नाही हा एक प्रश्न आहे आणि पैजेची शिफारस खेळाडूकडून करवून घ्यावी की नाही हा दुसरा. पहिल्यास होकार देणाऱ्या देशांनीही दुसऱ्यास नकार दिला आहे. शर्यतीच्या मैदानावर अथवा मांडवीतील कॅसिनोच्या जहाजावर जाणारा प्रौढ मनुष्य ठरवून तेथे जातो. जर्सीवरील नाव मात्र कोणीही न बोलावता घरात शिरते आणि सर्वांत आधी लहान मुलांपर्यंत पोहोचते. लॉटरीच्या तिकिटालाही हीच कसोटी लावावी. तेही मुलांच्या जर्सीवर शोभणारे नव्हे.

इतर देशांचा अनुभव

ब्रिटनमध्ये पैजेचा व्यवसाय कायदेशीर आहे. २००५ च्या कायद्याने त्यास जाहिरातीची विस्तृत मुभा दिली व २००७ पासून तिची अंमलबजावणी झाली. प्रीमियर लीगमध्ये सट्टा कंपनीचे नाव असलेली पहिली जर्सी त्याही आधी, २००२-०३ च्या हंगामात, फुलहॅम क्लबने घातली होती. पुढील दोन दशकांत ही प्रथा एवढी बोकाळली की, अखेर एप्रिल २०२३ मध्ये क्लबांनीच एकत्र येऊन निर्णय घेतला. २०२५-२६ चा हंगाम संपल्यानंतर जर्सीच्या पुढील बाजूवर अशी नावे घ्यावयाची नाहीत, असे ठरले. बाहीवरील व मैदानाच्या कडेच्या फलकांवरील नावांना मात्र या निर्णयातून वगळण्यात आले. त्यामुळे हा उपाय अर्धवट असल्याची टीकाही झाली.

इटलीने २०१८ मध्ये वटहुकूम काढून जुगाराच्या जाहिराती व प्रायोजकत्व यांवर बंदी घातली. स्पेनमधील फुटबॉल क्लबांच्या जर्सीवरून ही नावे २०२१-२२ च्या हंगामापासून हटली. नेदरलँड्सने १ जुलै २०२५ पासून क्रीडा प्रायोजकत्वास मनाई केली. या सर्व देशांत परवानाधारक सट्टा चालतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

इटलीच्या अनुभवातून आणखी एक धडा मिळतो. इंटर मिलान या नामांकित क्लबच्या जर्सीवर २०२४-२५ च्या हंगामापासून एका सट्टा कंपनीच्याच नावाचे क्रीडावार्ता संकेतस्थळ झळकू लागले. नाव तेच, मात्र माल वेगळा असे दाखवून बंदीस वळसा घालण्याचा हा प्रकार आपल्याकडेही अपरिचित नाही. मद्याच्या कंपन्या सोड्याच्या नावाने जाहिरात करतात, हे आपण पाहतोच. परदेशी सट्टा कंपन्या वार्ता-संकेतस्थळांच्या नावाने जाहिराती करू लागल्या तेव्हा केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयास ऑक्टोबर २०२२ मध्ये दूरचित्रवाहिन्यांना व डिजिटल माध्यमांना अशा छुप्या जाहिरातींपासून दूर राहण्याची सूचना द्यावी लागली.

सिगारेटचा धडा

प्रायोजक गेल्यास खेळाचे काय होईल, या चिंतेचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९९६ ची विश्वचषक क्रिकेट स्पर्धा भारत, पाकिस्तान व श्रीलंका येथे झाली. तिच्या अधिकृत नावातच एका सिगारेटचे नाव होते. त्या काळी भारतीय संघाच्या जर्सीवरही तेच नाव असे. इंग्लंडमध्येही १९७२ पासून २००२ पर्यंत क्रिकेटची एक प्रमुख स्पर्धा सिगारेटच्या नावाने खेळविली गेली. सिगारेटचे पैसे नसतील तर क्रिकेट कसे चालेल, असे तेव्हाही विचारले जात होते.

भारतीय संघाच्या जर्सीवरील हे नाव २००१ मध्ये गेले. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अशा प्रायोजकत्वास मनाई केली. त्यानंतरच्या वीस वर्षांत भारतीय क्रिकेट गरीब झाले, असे कोणीही म्हणणार नाही. २०२५ मध्येही याचीच पुनरावृत्ती झाली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने नव्या प्रायोजकासाठी प्रस्ताव मागविताना पैशाचे ऑनलाइन खेळ, सट्टा व तंबाखू या व्यवसायांतील कंपन्यांना वगळले. सप्टेंबर महिना संपण्यापूर्वीच अपोलो टायर्स या कंपनीबरोबर करार झाला आणि त्याची रक्कम आधीच्या करारापेक्षा कमी नसल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले.

अर्थात भारतीय क्रिकेट संघास जे साधले ते खो-खोच्या अथवा हॉकीच्या एखाद्या लहान संघास तितक्या सहजपणे साधेलच असे नाही. त्यांच्यासाठी उद्योगसंस्था, सहकारी संस्था आणि शासन यांनी अधिक उदारपणे पुढे यावयास हवे. लहान खेळांची अडचण खरी आहे. मात्र तीवर उपाय म्हणून ज्या हातातून पैसा घ्यावयाचा, त्याच हातात आपली मुले द्यावयाची, हा सौदा महागाचा ठरेल.

कायदा काय सांगतो?

सट्टा आणि जुगार हा विषय भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, ३४ व्या क्रमांकाच्या नोंदीत समाविष्ट आहे. आपल्या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक अधिनियम लागू आहे. कॅसिनोविषयी १९७६ मध्ये केलेला आणि कधीही अमलात न आलेला कायदा राज्य विधिमंडळाने २०२३ मध्ये रद्द केला.

या विषयावरील सर्वोच्च न्यायालयाचा १९५७ चा एक निर्णय तत्कालीन मुंबई राज्याशी निगडित आहे. बंगळूर येथे छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातून बक्षिसांच्या शब्दकोड्यांची स्पर्धा चालविली जात असे व मुंबई राज्यातील असंख्य लोक तीत पैसे भरीत. सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांनी ऋग्वेदातील अक्षसूक्ताचा आणि महाभारताचा दाखला दिला. जुगार हा संविधानाने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. परराज्यातून टपालाने येणाऱ्या कोड्याची जागा आज मोबाईलवरील ॲपने घेतली आहे, एवढाच काय तो फरक.

पुढील काळात मात्र कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांतील भेदावर वाद होत राहिले. मनातल्या मनात संघ निवडून पैसे लावण्याचे खेळ कौशल्याचे आहेत, असे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले होते. २०२५ च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांपुरता हा भेद निरर्थक ठरविला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, जिंकण्याच्या अपेक्षेने पैसे भरावयाचे असतील तर तो निषिद्ध खेळ होय. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. खेळणाऱ्या व्यक्तीस मात्र गुन्हेगार मानलेले नाही. या कायद्याच्या वैधतेस न्यायालयात आव्हानही देण्यात आले. न्यायालयीन वादाचा निकाल काहीही असो, जर्सीवर काय छापावे हा विवेकाचा प्रश्न त्याहून निराळा आहे.

गावपातळीवरील जबाबदारी

कायदा दिल्लीत होतो, परंतु मैदान गावात असते. ग्रामपंचायतीचे अथवा शाळेचे मैदान स्पर्धेसाठी देताना प्रायोजकांची यादी आधी मागून घ्यावी. सट्टा, जुगार, तंबाखू व मद्य यांच्याशी संबंधित नावे जर्सी, फलक, बक्षिसाचा करंडक अथवा ध्वनिक्षेपकावरील घोषणा यांत येणार नाहीत, अशी अट परवानगीपत्रातच नमूद करावी. नाव वार्ता-संकेतस्थळाचे असले तरी त्यामागील कंपनी कोणती, याची चौकशी करावी. प्रवेशशुल्क भरून स्वतः मैदानात उतरणे आणि दुसऱ्याच्या खेळावर पैसे लावणे यांतील फरक तरुण मंडळांना समजावून द्यावा. पहिल्यात घाम आहे, दुसऱ्यात केवळ हाव.

शिक्षकांचे काम याहून नाजूक आहे. आवडत्या खेळाडूने जे नाव मिरविले ते वाईट कसे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. त्यांना रागावून गप्प करण्याऐवजी गणिताच्या तासाला हिशेब मांडून दाखवावा. शंभर जणांनी भरलेल्या पैशातून कंपनीचा वाटा आधीच काढून घेतला जात असेल, तर उरलेल्या रकमेत शंभर जण मिळून फायद्यात कसे राहतील? मुले हा हिशेब चटकन समजतात. एखादा विद्यार्थी अथवा पालक या पाशात सापडल्याचे दिसल्यास लाज न बाळगता मदत घेण्यास सांगावे. मानसिक आधारासाठी ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक शाळेच्या व ग्रामपंचायतीच्या सूचनाफलकावर कायम लिहिलेला असावा.

आशिया चषकातील त्या जर्सीवर प्रायोजकाची जागा रिकामी होती, म्हणून सामन्याची गोडी कमी झाली नाही. धावा तितक्याच झाल्या, टाळ्याही तितक्याच पडल्या. आपल्या गावातील स्पर्धेत अशी जागा कधी रिकामी राहिली, तर तेथे गावाचे नाव लिहावे. ते वाचून एखाद्या मुलाने “ही आपली टीम” असे म्हटले, तर त्यात काळजी करण्यासारखे काही असणार नाही.